ॲप्टेशियाला ब्लेड लावू नका

मंडळी, रीफ टँकमधल्या (खाऱ्या पाण्यात कोरल म्हणजे प्रवाळ पाळायच्या टाकीतल्या) दगडावर पहिला ॲप्टेशिया, म्हणजे झपाट्याने पसरणारं उपद्रवी समुद्रफूल, दिसला की निम्मे लोक ब्लेड घेतात आणि उरलेले निम्मे "एकच आहे, राहू दे" म्हणतात. काही महिन्यांत दोघांचेही दगड सारखेच भरलेले असतात.

खरवडल्यावर नेमकं काय होतं? हे समुद्रफूल तळव्याने दगडाला चिकटतं. नुसतं सरकतानाही त्या तळव्याचे बारीक कपटे मागे राहतात आणि एकेका कपट्यातून नवं फूल उभं राहतं. म्हणजे ब्लेड फिरवून आपण त्याचं बाळंतपणच करतो. वर डिवचलं की ते क्षणात भोकात शिरतं आणि पांढरे दंश करणारे धागे बाहेर सोडतं, त्याचा चटका शेजारच्या कोरलला. दिवे बंद ठेवूनही मरत नाही. अंधाऱ्या संपमध्ये (टँकचं पाणी गाळायच्या वेगळ्या टाकीत) वाहून आलेल्या खाण्यावर मजेत जगतं. इतकं चिवट आणि वाढवायला सोपं म्हणूनच प्रवाळांच्या सहजीवनाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळा ते मुद्दाम पाळतात; २०१५ मध्ये त्याचा जीनोमही प्रसिद्ध झाला. तिकडे लाडका, इकडे डोकेदुखी.

आधी ओळख पक्की करा. ॲप्टेशियाचा देठ लांब, पारदर्शक तपकिरी, शुंडके निमुळते. मजानो (दुसरं तसंच उपद्रवी समुद्रफूल) ठेंगणा, शुंडकांची टोकं फुगीर, बऱ्याचदा हिरवट. त्याला बबल टिप या हौसेने पाळल्या जाणाऱ्या समुद्रफुलाचं पिल्लू समजून कौतुकाने वाढवणारेही आहेत. फरक महत्त्वाचा, कारण ॲप्टेशिया खाणारे प्राणी मजानोकडे बहुधा ढुंकून पाहत नाहीत. मजानो ज्या दगडावर आहे तो तुकडा छिन्नीने उडवून टँकबाहेर टाकणं सगळ्यात खात्रीचं.

दहा-पंधरा असतील तर चुना. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पावडर थोड्या आरओ पाण्यात कालवून पातळ टूथपेस्टसारखी करा. मेडिकलमधून ३ मिलीची सिरिंज आणि १८ गेजची सुई आणा. इन्सुलिनची सुई लगेच तुंबते. वेव्हमेकर (लाटा करणारा पंप) आणि रिटर्न पंप (संपमधलं पाणी परत टँकमध्ये चढवणारा) बंद करा. स्किमरही (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद, कारण रिटर्न थांबला की संपची पातळी चढते आणि स्किमर उतू जातो. मग सुई हळूच वरून न्या, भोसकू नका. फूल उघडं असताना तोंडावर थेंब सोडा, ते आपणहून गिळतं. मग पूर्ण चकती झाकेल इतका लगदा घाला. घाई केली की ते मिटतं आणि चुना नुसता भोकाच्या तोंडाशी बसतो. आठवड्याभराने "परत आला" अशी जी ओरड होते, ती बहुतेक वेळा इथली. १५ मिनिटं थांबा, सुटा लगदा बारीक नळीने ओढून काढा, मग पंप चालू.

चुन्याच्या निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. १०० लिटरच्या टँकमध्ये एका दिवसात चार-पाचपेक्षा जास्त फुलं घेऊ नका आणि टँकचा पीएच ८.५ च्या पुढे जाऊ लागला की थांबा. हातमोजे आणि चष्मा हवाच. पानाचा चुना चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. रसायन तेच, पण ट्यूबमध्ये सोबत आणखी काय मिसळलंय याची खात्री नाही, म्हणून माझं उत्तर नाही. लिंबाचा रस लहानांवर कधी लागू पडतो, मोठ्यांवर भरवसा नको. आणि दगड उकळायचा विचार तर मनातही आणू नका: त्यावर पॅलिथोआ (प्रवाळासारखा एक विषारी जीव) असेल तर वाफेतून त्याचं पॅलिटॉक्सिन हे विष श्वासात जातं आणि घरातली सगळी माणसं दवाखान्यात पोचू शकतात.

संख्या शेकड्यात गेली की सिरिंज ठेवून द्या. पेपरमिंट झिंगा घ्या, २०० लिटरला तीन-चार, दिवे मालवल्यावर सोडा. घेताना नीट बघा: पेपरमिंटचं अंग पारदर्शक आणि त्यावर लाल रेघा, पाठीवर ठळक कुबड आणि लालसोबत पांढऱ्या रेघा-ठिपके असतील तर तो कॅमल झिंगा, आणि तो तुमचे झोआ (बटणांसारखे दिसणारे कोरल) खाईल. पेपरमिंट लहान फुलं खातो, मोठी टाळतो. म्हणून मोठ्यांना आधी चुना. शिवाय रोज पोटभर मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाणं) मिळत असेल तर तो फुलांकडे कशाला जाईल?

माझ्या मते सगळ्यात उत्तम बर्गिया, ही शंख नसलेली इवलीशी समुद्री गोगलगाय. तिचं खाणं फक्त ॲप्टेशिया. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि तितका धीर बहुतेकांना नसतो. सिक्स-लाइन रास मासा किंवा पेपरमिंट असलेल्या टँकमध्ये सोडलीत तर ती त्यांचा नाश्ता होईल, म्हणून झिंगा किंवा बर्गिया, दोन्ही एकत्र नाही. ॲप्टेशिया संपले की ती उपाशी मरते, तेव्हा वेळीच दुसऱ्या कुणाला द्या.

कॉपरबँड बटरफ्लाय मासा या कामासाठी घेऊ नका. बरेचसे घरी आल्यावर काही खातच नाहीत आणि खाऊ लागले तर आधी फेदर डस्टर (पिसाऱ्यासारखे दिसणारे नळीतले किडे) संपवतात. फाइलफिश काम करतो, पण कोरल चावणार नाही याची हमी नाही.

मुळात हे येतं फ्रॅगसोबत, म्हणजे बाहेरून आणलेल्या कोरलच्या तुकड्यासोबत. डिपमध्ये (कीड मारायच्या द्रावणात) बुडवलं म्हणजे सुटलो असं नाही, डिपने ॲप्टेशिया मरतोच असं नाही. फ्रॅग प्लगवरून (ज्या छोट्या बैठकीवर तो चिकटवलेला असतो तिच्यावरून) कापा, प्लग फेकून द्या, नव्या प्लगवर चिकटवा आणि चार ते सहा आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवून भिंगाने तपासा. आणि डिस्प्ले टँक स्वच्छ झाला की ओव्हरफ्लो बॉक्स (जिथून टँकचं पाणी संपमध्ये उतरतं), रिटर्न पंपाची जाळी आणि पाइपची आतली बाजू टॉर्च मारून बघा. तिथे झिंगा किंवा बर्गिया पोचेलच याचा भरवसा नाही.