टोनी शिवरायांच्या आरमारात नव्हता

आत्याने परवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, ‘नात शाळेच्या प्रोजेक्टमध्ये हेच घालणार आहे.’ नात व्हर्जिनियात आठवीला आहे. मेसेजचं म्हणणं असं: 1635 साली अमेरिकेत पोचलेला ‘टोनी’ हा भारतीय शिवाजी महाराजांच्या आरमारातला खलाशी. इंग्रजांनी त्याला मुंबईहून नेलं, तिथे 50 एकर जमीन इनाम दिली, 1790 च्या जनगणनेत त्याच्या वंशजांची नावं आहेत, एलिस आयलंडवर (न्यूयॉर्क बंदरातलं, बाहेरून येणाऱ्यांची नोंद करणारं ठाणं) त्यांचं आडनाव बदललं, आणि डीएनए चाचणीत दोन टक्के भारतीय अंश निघालेला अमेरिकन म्हणजे टोनीचाच वारस.

आरमाराचं आधी. महाराजांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630 चा. 1635 मध्ये ते पाच वर्षांचे होते! कल्याण-भिवंडी हाती आली 1657 मध्ये, आरमार त्यानंतरचं. मुंबई तर तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. ईस्ट इंडिया कंपनीला ती मिळाली 1668 मध्ये. महाराजांचं नाव घातलं की कोणी सनावळी तपासत नाही, हे ओळखून असले मेसेज लिहिणाऱ्यांची मला मनस्वी चीड येते.

एवढं मात्र मान्य करावं लागतं की टोनी खरा आहे. जॉर्ज मेनेफी या व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनच्या व्यापाऱ्याने 1635 मध्ये जमिनीचा पट्टा घेतला, त्यासोबतच्या यादीत ‘टोनी, ईस्ट इंडियन’, म्हणजे भारताच्या बाजूचा, अशी नोंद आहे. बस, तेवढीच. गाव नाही, वय नाही, बापाचं नाव नाही, जहाजाचं नाव नाही.

आता ते इनाम. मेसेजमधला सगळ्यात वाईट भाग हाच. व्हर्जिनियात तेव्हा ‘हेडराइट’ पद्धत होती: जो कोणी दुसऱ्याच्या प्रवासाचा खर्च करून त्याला वसाहतीत आणेल, त्याला माणशी 50 एकर. जमीन आणणाऱ्याला मिळायची, आणलेल्याला नाही. म्हणजे टोनीच्या नावावरची जमीन गेली मेनेफीकडे, आणि आपण त्या टोनीला इनामदार करून मोकळे झालो! तो गुलाम होता की मुदतीचा नोकर, हे त्या ओळीवरून कळत नाही. 1635 हे सालसुद्धा पट्ट्याचं आहे, तो पोचला कधी ते वेगळं; अशा याद्यांत आधी कधीतरी आणलेली माणसंही धरलेली असत. पॉल हाइनेग या संशोधकाने व्हर्जिनिया आणि मेरीलँडच्या काउंटी कोर्टांची दप्तरं चाळून अशा ‘ईस्ट इंडियन’ माणसांच्या नोंदी गोळा केल्या आहेत. त्यात नोकर दिसतात, गुलाम दिसतात, पळून गेलेले दिसतात, आपण स्वतंत्र आहोत म्हणून कोर्टात दाद मागणारे दिसतात. त्यांच्या वंशाचा माग काढणं अवघड आहे, कारण व्हर्जिनियाच्या 1662 च्या कायद्याने मूल आईच्या दर्जावर गेलं. आई गुलाम, तर मूल गुलाम. आणि गुलामांची नावं 1850 आणि 1860 च्या जनगणनेतही सहसा नाहीत; मालकाच्या नावाखाली नुसतं वय, लिंग आणि वर्ण.

बाकीचं थोडक्यात. 1790 मध्ये फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत, इतरांचे नुसते आकडे. त्यात व्हर्जिनियाचे मूळ तक्ते आज उपलब्धच नाहीत. एलिस आयलंड सुरू झालं 1892 मध्ये, आणि तिथले अधिकारी नावं बदलत नसत. जहाज कंपनीने निघतानाच केलेल्या यादीशी ती नावं पडताळून पाहत. दोन टक्के डीएनए साधारण पाच-सहा पिढ्यांमागच्या एका पूर्वजाकडून येतो. 1635 ला पिढ्या होतात तेराच्या आसपास.

पूर्वज शोधायचा तर आजच्या माणसापासून एकेक पिढी मागे जावं लागतं: 1870 ची जनगणना, मग मृत्युपत्रं, कर-याद्या, कोर्टाची दप्तरं. जेम्सटाउन ज्यात येतं त्या जेम्स सिटी काउंटीचं जुनं दप्तर 1865 मध्ये रिचमंडच्या आगीत गेलं, त्यामुळे टोनीपर्यंत पोचणारा धागा कदाचित उरलेलाच नसेल. नातीने मेनेफीच्या पट्ट्यातली ती एक ओळ प्रोजेक्टला लावावी आणि हेडराइट म्हणजे काय ते खाली लिहावं. व्हर्जिनियाच्या राज्य ग्रंथालयाने हे जुने जमीन-पट्टे ऑनलाइन ठेवले आहेत. आत्या, तो मेसेज मात्र कृपा करून आता पुढे पाठवू नकोस.