विंच नंतर, आधी सातबारा

परवा संध्याकाळी ठाण्यात पहिला दणदणीत पाऊस झाला आणि तासाभरात आमच्या ऑफरोडिंगच्या, म्हणजे रस्ता सोडून माळ-चिखलात गाडी चालवणाऱ्यांच्या, ग्रुपवर मेसेज आला, "रविवारी मुरबाड साइडला जायचं का? मस्त चिखल झाला असेल." खाली अंगठ्यांची रांग लागली. मी उत्तर लिहायला बसले, ते लांबत गेलं, म्हणून इथेच टाकते. ज्यांनी नुकतीच फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी) घेतली आहे त्यांनीही वाचावं.

माझं उत्तर नाही असं आहे. जून-जुलैमध्ये भाताच्या मुलखात मी गाडी नेणार नाही आणि ग्रुपच्या नावाने कुणी नेली तर त्याला विरोध करेन.

त्यामागचं कारण जुन्या मंडळींना माहीत आहे. काही वर्षांपूर्वी अशाच जुलैमध्ये आम्ही सहा गाड्या घेऊन मुरबाड तालुक्यातल्या एका गावाजवळ गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही, त्या लोकांना आमच्यामुळे आधीच पुरेसा त्रास झाला आहे. बैलगाडीची वाट होती, पुढे ओढा, पलीकडे मोकळा माळ. परवानगी कुणाची घेतली होती? कुणाचीच नाही. "माळ आहे, कोण विचारतंय" असं आम्ही सगळेच मानून चाललो होतो, मीसुद्धा.

तिसऱ्या नंबरची गाडी नवी कोरी होती. टपावर लाइटची पट्टी, मोठाले मड टायर, पुढे विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोरीने ओढून काढायचं यंत्र. पण मागे गाडी ओढायला पक्का हूकच नव्हता आणि टायरमध्ये हवा हायवेवर चालवतो तेवढीच. ओढ्यातून वर येताना ती घसरली आणि रुतली. चालवणाऱ्याने पाय उचलायला हवा होता, त्याने उलट रेस दिली. चाकं जागच्या जागी फिरत राहिली, गाडी आडवी सरकत बांधावर गेली आणि बांध फुटला. वरच्या खाचरातलं पाणी खाली उतरलं. खाली हिरवागार चौकोन होता, आम्हाला ते गवत वाटलं होतं. मागे हूक नसल्यामुळे गाडी आल्या वाटेने मागे ओढता येईना. म्हणून पुढून ओढली, वळवून, त्याच चौकोनातून.

तो चौकोन म्हणजे लावणीचं रोप होतं.

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगते. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. पाऊस लागला की त्या तुकड्यात दाट पेरणी होते आणि तीन-चार आठवड्यांनी तेच रोप उपटून सगळ्या खाचरांत लावतात. साधारण एक गुंठा रोपावर दहा गुंठे लावणी होते. म्हणजे आमच्या गाडीने अर्धा गुंठा तुडवला तेव्हा पाच गुंठ्यांचं पीक गेलं.

शेतकरी काका आले. ओरडले नाहीत. आमच्यातल्या एकाने लगेच पाकीट काढलं. काका म्हणाले, "पैशाचं मी काय करू ताई? रोप कुठून आणू? सगळ्यांचीच लावणी चाललीय." याला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं फावडी घेऊन परत गेलो, बांध घातला, नुकसानभरपाई दिली. रोप मात्र गेलं ते गेलंच. पुढच्या पावसाळ्यात त्या वाटेच्या तोंडाशी गावाने मोठे दगड लावले होते. ग्रुपमध्ये काही जण चिडले, "आता गावातही जाऊ देत नाहीत." मला ते दगड बरोबर वाटले, आजही वाटतात.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्याला जागा मिळेनाशा होतात त्या बहुतेक वेळा तयारी नसलेल्या गाड्यांमुळे. नीट तयार केलेली गाडी जमिनीवरून जाते, न केलेली जमीन उकरत जाते. त्या दिवशी टायरमधली हवा ३० वरून १८-२० पीएसआय दाबावर आणली असती तर टायर पसरला असता, जमिनीवरची पकड लांब झाली असती आणि गाडी बहुधा रुतलीच नसती. हवा कमी करायला काही पैसे लागत नाहीत. फक्त परत भरायला कॉम्प्रेसर जवळ हवा, कारण कमी हवेत हायवेवर वेगाने पळवली तर टायर तापून फुटू शकतो. आणि गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे चासीला बोल्ट केलेला, वजन झेलणारा हूक असता तर ती आल्या वाटेनेच मागे घेता आली असती. कंपनीने खाली दिलेली छोटी कडी पुष्कळदा गाडी ट्रकवर बांधून नेण्यासाठी असते. टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला, तर पट्टा लावूच नये, तो तुटून गोळीसारखा काचेतून आत आल्याने ऑस्ट्रेलियात माणसं दगावली आहेत.

म्हणून नवीन कुणी मला विचारलं की "ताई, पहिलं काय बसवू?" तर मी विंच सांगत नाही. हूक, गाडी ओढायचा पट्टा, शॅकल (पट्टा हुकाला जोडायची कडी), हवेचा गेज, अग्निशामक नळकांडं, बॅटरी घट्ट बांधायची पट्टी आणि एक चांगलं फावडं. विंच घ्यायचाच तर गाडीच्या भरलेल्या वजनाच्या किमान दीडपट क्षमतेचा घ्या. दोरी ताणली की तिच्यावर जाड ब्लँकेट किंवा ओलं पोतं टाका आणि बघ्यांना दोरीच्या लांबीपेक्षाही लांब उभं करा. गावातली पोरं हौसेने जवळ येतात, त्यांना मागे सारायला एक माणूस नेमलेलाच हवा. झाडाला दोरी थेट गुंडाळू नका, साल सोलली जाते. त्यासाठी रुंद पट्टा मिळतो.

गळतीबद्दल मी फार कडक आहे आणि राहणार. माझ्याकडे वडिलांची जुनी जिप्सी आहे आणि जुनी गाडी म्हटलं की ऑइलचा ठिपका आलाच, असं बरेच जण धरून चालतात. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका ओढ्यात झरा उकरून वाटीने पाणी भरतात. त्याच ओढ्यातून आपण गाडी घालतो. मी ट्रिपच्या आदल्या रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरते. सकाळी त्यावर डाग दिसला तर गाडी घरी राहते. पाण्यातून आल्यावर डिफचं, म्हणजे अॅक्सलवरच्या गिअरच्या डब्याचं, ऑइल बघायचं. ते दुधाळ झालं असेल तर आत पाणी शिरलं आहे. स्नॉर्केल फक्त इंजिनाचा श्वास वर नेतो, गिअरबॉक्स आणि अॅक्सलच्या ब्रीदरच्या, म्हणजे हवा आत-बाहेर करणाऱ्या, नळ्याही वर न्याव्या लागतात. हे गॅरेजवाला आपणहून सांगत नाही.

आता जागेबद्दल. आपल्या डोळ्यांना रिकामी दिसणारी जमीन ठाणे-रायगडात जवळजवळ नाहीच. ती कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते, नाहीतर गावाचं गायरान असतं, नाहीतर राखीव वन. राखीव वनात विनापरवाना घुसणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. कित्येक ठिकाणी २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत, तिथे ग्रामसभेला विचारावं लागतं. येऊरच्या डोंगराचा तर प्रश्नच नाही. तिथलं जंगल सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे बिबट्या राहतो, पाड्यांवर माणसं राहतात. "रात्री येऊरला एक छोटी चक्कर" असा मेसेज दिसला की माझा जीव तुटतो.

नवी मुंबईकरांसाठी वेगळं सांगायचं आहे. खाडीकाठचा सुकलेला गाळ हे मैदान नाही. वरचा पापुद्रा कडक वाटतो, खाली लोणी असतं, आणि भरती रुतलेली गाडी काढेपर्यंत थांबत नाही. शिवाय ठाणे खाडीचा एक भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये तो रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला. त्या गाळातले बारीक जीव हे पक्ष्यांचं अन्न आहे. टायरच्या चाकोऱ्या तिथे खरंच कशाला?

मग जायचं कुठे, हा प्रश्न रास्त आहे. चिखलाची ओढ मलाही आहे. फोर-लो या सर्वांत हळू गिअरमध्ये गाडी मुंगीच्या पावलाने कातळावर चढते तेव्हा होणारा आनंद मी लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून अनुभवला आहे, तो हिरावला जावा असं मला मुळीच वाटत नाही. म्हणूनच क्लब हवा. चार फोन नंबर एकत्र केले की क्लब होत नाही. क्लब म्हणजे जागेचा मालक कोण हे शोधणारा, त्याच्याकडून लेखी घेणारा, गाड्या तपासणारा आणि मित्राच्या गाडीलाही "आज नाही" म्हणणारा. स्पर्धा भरवायची तर एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाच्या) परवान्याने भरवा. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफरोडिंगची स्पर्धा होते, म्हणजे मर्यादेत राहून चिखल खेळता येतो हे आपल्याच देशात दिसलेलं आहे. आणि आपल्या नेहमीच्या विम्याच्या कागदावर 'वापराची मर्यादा' वाचा, संघटित शर्यत त्यात बसत नाही. गाडीत बदल करतानाही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. आरसी बुकातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असे बदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं.

आम्ही आता एका खासगी माळावर जातो. मालक दादांशी कागद केला आहे, दिवसाचं ठरलेलं भाडं देतो. कापणी झाल्यावर, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. एका वेळी आठ गाड्या, काठ्या रोवून आखलेली एकच वाट. फेब्रुवारीनंतर गवत वाळतं आणि तापलेल्या सायलेन्सरने वणवा लागू शकतो, म्हणून तेव्हा बंद. वर्षात फार थोडे दिवस मिळतात, मान्य आहे. पण गेल्या खेपेला दादांनीच विचारलं, "पुढच्या साली कधी येताय?" आणि त्यांच्या मुलाने माझी जिप्सी चालवून पाहिली.

तर या रविवारी मुरबाड नाही. त्याऐवजी सकाळी सात वाजता आमच्या सोसायटीच्या मागच्या पार्किंगमध्ये गाड्यांची तपासणी ठेवते. हूक, पट्टे, बॅटरी, टायर सगळं बघू. चहा माझ्याकडे. शनिवारी रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा आणि सकाळी तो घेऊन या.