लोनवरचा खेळाडू, त्याचा गुडघा आणि तुमची प्रतिक्रिया

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तुम्ही दाखवलेली एक चूक आधी तपासायची होती. ती चूक माझीच निघाली, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

फुटबॉलमध्ये एक क्लब आपला खेळाडू दुसऱ्याला ठराविक मुदतीसाठी उसना देतो, ते लोन. त्याबद्दलच्या 'लोनवरच्या खेळाडूला दुखापतीच्या काट्यावर तोलू नका' या लेखात मी लिहिलं होतं की मांडीचा स्नायू दुखावला म्हणून ॲस्टन व्हिलाने मँचेस्टर युनायटेडच्या मार्कस रॅशफर्डला कायमचं घेतलं नाही. हे कुठून आणलंत, असं तुम्ही विचारलंत. खरं आहे, त्याला आधार नाही. रॅशफर्ड फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला व्हिलाकडे आला, तेव्हा ४ कोटी पौंडांना विकत घेण्याचा पर्याय करारात होता. ३० मार्चला एफए कपमध्ये (इंग्लंडच्या बाद फेरीच्या स्पर्धेत) प्रेस्टनविरुद्ध त्याने दोन गोल केले. एप्रिलअखेर हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) गेली, क्रिस्टल पॅलेसविरुद्धचा उपांत्य सामना हुकला, व्हिला तो ०-३ हरले आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. मग २५ मेला व्हिला युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, ०-२ हरले. न्यूकॅसलइतकेच ६६ गुण होऊनही गोलफरकावर चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या सर्वात मोठ्या स्पर्धेतली जागा, हातची गेली. महिन्याभरात या दोन्ही गोष्टी घडल्या आणि मी त्यातली एकच उचलून तिला कारण म्हणून लावलं. चॅम्पियन्स लीगचा पैसा बुडाल्यावर ४ कोटी आणि वर रॅशफर्डचा पगार हे ओझं केवढं होतं, हे तुमचं म्हणणं मला पटतं. (त्या शेवटच्या सामन्यात तो ठणठणीत असता तरी उतरू शकला नसता. प्रीमियर लीगमध्ये लोनवरच्या खेळाडूला मूळ क्लबविरुद्ध खेळता येत नाही.)

तुमचा मुख्य मुद्दा मात्र मला मान्य नाही. तुमचेच शब्द देतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल: 'क्लब म्हणजे धर्मशाळा नव्हे. लोन ही चाचणी असते. चाचणीत जो अर्धा वेळ उपचाराच्या टेबलावर पडून राहतो तो नापास. आमच्याकडे आर्थर आला, तेरा मिनिटं खेळला आणि गेला. त्याला विकत घ्यायचं होतं का?'

नाही, घ्यायचं नव्हतं. लिव्हरपूलने त्याला परत पाठवलं त्यात काहीच गैर नाही, आणि लेखातही मी तसं म्हटलेलं नाही. पण तो नापास झाला हे म्हणण्याआधी ती परीक्षा कशी घेतली गेली ते बघू.

आर्थर मेलो युव्हेंटसहून लिव्हरपूलला आला तो १ सप्टेंबर २०२२ ला, खेळाडूंच्या देवाणघेवाणीची मुदत (खिडकी) संपण्याच्या दिवशी. मधल्या फळीतले खेळाडू एकामागून एक जायबंदी होत होते, आदल्याच रात्री न्यूकॅसलविरुद्ध हेंडरसनही जायबंदी झाला होता. म्हणून घाईघाईने माणूस आणला. हंगामापूर्वीची नीट तयारी त्याच्या अंगात नव्हती. ७ सप्टेंबरला नापोलीत संघ मार खात असताना त्याला बदली म्हणून उतरवलं. तो सामना आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला सुरू झाला होता, तुम्हीही जागून पाहिला असेल. पुढे सामन्याची सवय व्हावी म्हणून तो २१ वर्षांखालच्या संघातही खेळला, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सरावात मांडीचा स्नायू फाटला. शस्त्रक्रिया झाली, महिनोनमहिने गेले. ज्याचं शरीर तयार नाही अशा माणसाकडून तयार माणसाचं काम करून घ्यायची घाई होती, आणि स्नायू फाटायला ही घाईच निमित्त झाली असं मला वाटतं.

आता पुढचं वर्ष बघा. २०२३-२४ मध्ये हाच आर्थर फिओरेंटिनाकडे लोनवर गेला. चाळीसच्या वर सामने खेळला. फिओरेंटिना युरोपातल्या कॉन्फरन्स लीगच्या अंतिम फेरीत गेली, अथेन्सला ऑलिंपियाकोसकडून ०-१ हरली. विकत घेण्याचा पर्याय त्यांच्याकडेही होता. त्यांनीही वापरला नाही. म्हणजे जायबंदी झाला तेव्हा कोणी घेतलं नाही, आणि वर्षभर धडधाकट खेळला तेव्हाही कोणी घेतलं नाही. तुमचा 'चाचणी' हा शब्द इथे कुठे बसतो ते मला सांगा. किंमत, पगार, वय, नवा प्रशिक्षक येणार की नाही, यावर निर्णय होतात. दुखापत झालेली असली की ती कारण म्हणून पुढे करायला सोपी पडते, एवढंच. आणि मीही रॅशफर्डच्या बाबतीत नेमकं तेच केलं, हे तुम्ही दाखवून दिलंत.

कोलंबियाचा स्ट्रायकर फाल्काओ याच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, 'युनायटेडने वेळीच हात झटकले'. मी युनायटेडवाला आहे आणि ते वर्ष मला अजून सलतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. २२ जानेवारी २०१४ ला मोनाकोकडून फ्रेंच कपमध्ये एका छोट्या क्लबविरुद्ध खेळताना त्याच्या डाव्या गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट तुटलं. वर्ल्डकप गेला. ३ ऑगस्टला तो आर्सेनलविरुद्ध मैत्रीपूर्ण सामन्यात खेळला आणि हेडरने गोलही केला. दिवस मोजा, जेमतेम साडेसहा महिने होतात. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका जास्त असतो, हे आज आपल्याकडचा फिजिओही पहिल्याच दिवशी सांगतो. ऑगस्टच्या त्या गोलनंतर महिन्याभरात युनायटेडने त्याला लोनवर घेतलं, चार कोटी पौंडांच्या वर किमतीचा पर्याय ठेवून.

त्या हंगामात लीगचे २६ सामने आणि ४ गोल. आम्ही मित्र कॉलेज रोडच्या एका घरात टीव्हीसमोर बसून म्हणायचो, संपला हा. तो पळायचा, पण बचावपटूच्या अंगावर जाऊन वळायचं आलं की पाऊल अर्ध्या क्षणाने उशिरा पडायचं. पुढच्या वर्षी चेल्सीकडे लोन. स्नायूंची दुखणी आणि लीगमध्ये एकच गोल. तुमच्या हिशेबाने दोनदा नापास. मग तो मोनाकोला परतला आणि २०१६-१७ मध्ये कर्णधार म्हणून लीगमध्ये २१ गोल केले. मोनाको चॅम्पियन झाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मैदानावर त्याने दोन गोल मारले. त्यातला दुसरा आठवा, बचावपटूला अंगावर घेऊन वळला आणि गोलकीपरच्या डोक्यावरून चेंडू अलगद टाकला. मँचेस्टरमध्येच, दोन वर्षं उशिरा.

युनायटेडने त्याला घ्यायला हवं होतं असं माझं म्हणणं नाही. त्या पैशात कोणीच घेतलं नसतं. माझं म्हणणं एवढंच की त्या दोन्ही क्लबांनी बरा होत आलेला गुडघा पाहिला आणि आपण सगळ्यांनी त्यावरून माणसाचा निकाल लावला.

तुमच्या घरी शेती आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एक गोष्ट सांगतो. माझ्या मामांनी पिंपळगावकडची द्राक्षबाग एका वर्षी दुसऱ्याला खंडाने दिली होती. त्या माणसाने ऑक्टोबरच्या छाटणीला काही कमी केलं नाही. डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग (मणी विरळ करणं), फवारण्या, सगळं वेळच्या वेळी, कारण माल त्याचा होता. घड उतरले आणि खंडाची मुदत संपत आली तशी बाग कोरडी पडू लागली. एप्रिलची खरड छाटणी त्याने कशीबशी उरकली. पुढच्या वर्षीचा घड कोणत्या डोळ्यात धरणार हे खरड छाटणीनंतरच्या त्या उन्हाळ्याच्या दिवसांतच ठरतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढच्या वर्षी वेलीवर पाला भरपूर होता आणि घड विरळ. मामी म्हणाली, बाग नापिकी झाली. मामा म्हणाले, बागेचा काय दोष.

लोनवर खेळाडू घेणारा क्लब असाच ऑक्टोबरचा विचार करतो. त्याला मेपर्यंतचे गुण हवे असतात. पुढच्या हंगामात तो गुडघा कसा असेल हा मूळ क्लबचा प्रश्न. आणि मूळ क्लब दूर बसलेला, त्याच्या डॉक्टरला रोजचा सराव दिसत नाही. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतील, तरी एप्रिलची छाटणी मधल्या मध्ये राहून जाते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. २०११ च्या पावसाळ्यात नाशिकरोडला एक स्पर्धा होती. आमचा संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला आणि दुसऱ्या एका संघाला लेफ्ट बॅक कमी होता, म्हणून मला दोन सामन्यांपुरता उसना दिला. दुसऱ्या सामन्यात चिखलात बूट रुतला आणि उजवा गुडघा आतल्या बाजूला फिरला. एमआरआय करायची वेळ आली तेव्हा ज्यांच्यासाठी खेळत होतो ते म्हणाले, हा आमचा नाही. आमचे म्हणाले, आमच्याकडून खेळताना कुठे लागलंय. वडिलांनी पैसे भरले. पण पैशाचं मला तेवढं वाटलं नाही. पाच आठवड्यांनी आमच्याच संघाने विचारलं, 'खेळतोस ना?' मी हो म्हणालो, तेव्हा डॉक्टर काय म्हणाले हे कोणीच विचारलं नाही. लागलं ते दुसऱ्यांकडे, म्हणून ते आमच्यांच्या लक्षातच नव्हतं. त्या दिवशी कूर्चा फाटली. आजही पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना काही वाटत नाही, उतरताना मात्र कठड्याला धरतो.

मोठ्या क्लबांकडे डॉक्टर आहेत, विमा आहे, करारात सगळं लिहिलेलं असतं, हे मला माहीत आहे. नाशिकरोडच्या चिखलाची तुलना लिव्हरपूलशी करत नाही. फक्त 'हा आमचा नाही' हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, त्यामुळे तुमच्या 'परत पाठवला, विषय संपला' पाशी मला थांबता येत नाही.

फिफाच्या नियमांबद्दल तुम्ही विचारलंत ते थोडक्यात. १ जुलै २०२२ पासून दोन देशांतल्या क्लबांमधलं लोन जास्तीत जास्त एक वर्षाचं. एका क्लबला बाहेर देता येणारे आणि आत घेता येणारे खेळाडू आधी आठ-आठ, मग सात, २०२४-२५ पासून सहा. त्याच दोन क्लबांमध्ये तीनच. लोनवर आणलेला पुढे तिसऱ्याला देता येत नाही. क्लबने स्वतः घडवलेले २१ वर्षांपर्यंतचे खेळाडू या मोजणीत नाहीत. मला हे नियम चांगले वाटतात, पोरांना गोदामात ठेवल्यासारखं ठेवायची सवय त्याने मोडेल. पण एक वर्षाच्या मर्यादेमुळे दुखापत आणखी महाग पडते. दहा महिन्यांच्या हंगामातले पाच गेले तर उरलेल्या पाचांत काय दाखवणार?

आणि आकडेच बघून कायम करायचं म्हटलं तर रिअल माद्रिदच्या ओडेगार्डचं काय? रिअल सोसिएदादला लोनवर असताना गुडघ्याच्या कंडरेचं दुखणं सुरू झालं. तिथे दुसरं वर्ष व्हायचं होतं, माद्रिदने लवकर परत बोलावला आणि फारसा खेळवला नाही. जानेवारी २०२१ मध्ये आर्सेनलकडे लोन, लीगचे १४ सामने, १ गोल. आर्सेनलने ऑगस्टमध्ये त्याला विकत घेतला, वर्षभरात कर्णधार केला. त्या १४ सामन्यांत त्यांनी काय पाहिलं? चेंडू नसताना तो कुठे उभा राहतो, चेंडू गेल्यावर कोण आधी धावतो, हे पाहिलं असणार. रोज सरावाला समोर असलेल्या माणसालाच ते दिसतं. लोनचा खरा उपयोग मला इथे वाटतो. दुखापतीतून उठताना माणूस कसा वागतो हेही त्याच क्लबला सगळ्यात जवळून दिसतं, आणि ते बघायचंच नसेल तर चाचणी अर्धीच झाली.

स्वीडनच्या कॅलस्ट्रॉमचं उदाहरण मी लेखात घेतलं नव्हतं, तुम्ही 'वेडेपणा' म्हणून दिलंत. ३१ जानेवारी २०१४, तपासणीत पाठीच्या मणक्याची इजा सापडली, तरी आर्सेनलने त्याला लोनवर घेतलं. एकूण चार सामने खेळला. खरं आहे. पण त्यातला एक वेंब्लीवरचा विगनविरुद्धचा एफए कप उपांत्य सामना होता. पेनल्टीवर गेला, कॅलस्ट्रॉमने आपली पेनल्टी मारली, आणि पुढे आर्सेनलने नऊ वर्षांनी कप जिंकला. त्याला कायम करा असं कोणी म्हणालं नाही, नापास झाला असंही कोणी म्हणालं नाही. आर्सेनलला त्याची इजा पहिल्या दिवसापासून माहीत होती, म्हणून वाट बघता आली. मला लोनवरच्या प्रत्येक खेळाडूसाठी एवढंच हवं आहे.

शेवटी तुम्ही विचारलंत, 'पैसा तुमचा असता तर रॅशफर्डला ४ कोटींना घेतलं असतं का?' मे २०२५ मध्ये, व्हिलाच्या जागी असतो तर नाही. त्याची मांडी हे मात्र कारण नसतं. सप्टेंबरमध्ये तो बार्सिलोनाकडून, पुन्हा लोनवरच, न्यूकॅसलला गेला आणि चॅम्पियन्स लीगमध्ये त्याच पायांनी दोन गोल करून आला. एप्रिलपासून पाचवा महिना होता.

लेखातलं रॅशफर्डचं वाक्य आज बदललं आहे आणि चूक तुम्ही दाखवलीत हेही तिथे लिहिलं आहे. फाल्काओचा परिच्छेद तसाच ठेवतोय.