पाहणे हे काम नव्हे

परवा एका नगरभवनाच्या नोंदवहीने मला दारातच अडवले. पहारेकऱ्याने अडवले असे मी म्हणणार नाही, कारण त्या गृहस्थाने खुर्चीवरून उठण्याचेही कष्ट घेतले नाहीत. त्याने केवळ वही माझ्याकडे सरकवली. नाव, पत्ता आणि वेळ हे रकाने भरून झाल्यावर ‘कामाचे स्वरूप’ असा रकाना आला आणि त्यात मी सरळ मनाने ‘सभागृह पाहणे’ असे लिहिले. पहारेकऱ्याने ते ओठ हलवत वाचले आणि वही पुन्हा माझ्याकडे फिरवली.

“साहेब, हे काम नाही.”

“मग काय आहे?”

“हे नुसतं पाहणं झालं.”

तुम्ही तरी दिवसभर दुसरे काय करता, असे मी विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “मी लक्ष ठेवतो. त्याचा पगार मिळतो.”

या युक्तिवादापुढे गप्प बसण्यावाचून गत्यंतर नव्हते, परंतु गप्प बसल्याने राग जात नाही. शहराच्या मध्यावर एवढी वास्तू उभारण्यामागे काही विचार असतो. मुंबईच्या 1833 सालच्या टाउन हॉलला तीस पायऱ्या आहेत आणि त्या चढताना धाप लागली तरी चढणाऱ्याला आपण कोणीतरी असल्याचा भास होतो. ॲमस्टरडॅमकरांनी 1655 मध्ये आपले नगरभवन खुले केले, तेव्हा दलदलीत 13,659 लाकडी खांब ठोकून त्यावर ते उभारले होते, आणि त्यातल्या नागरिकांच्या दालनात संगमरवरी जमिनीवर पृथ्वीच्या दोन्ही गोलार्धांचे नकाशे जडवले होते. म्हणजे त्या शहराचा नागरिक आत शिरला की जग त्याच्या पायांखाली येई. माझ्या पायांखाली पायपुसणे होते आणि त्याच्यापुढे जाण्याची परवानगी नव्हती. पुढे 1808 मध्ये लुई बोनापार्टने त्या वास्तूचा राजवाडा केला हे खरे, पण त्याने निदान आपण राजा असल्याचे उघड सांगितले होते. नोंदवहीमागे बसून कोणी राज्य करू लागले, तर तक्रार कोणाविरुद्ध करायची?

माझा हा विचार चेहऱ्यावर उमटला असावा, कारण शेजारच्या बाकावरून आवाज आला, “नवीन दिसता.”

बाकावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांच्या मांडीवर फीत बांधलेली एक जाडजूड फाइल होती आणि त्यांच्या बसण्यात कायम वास्तव्याची ऐट होती. कुठल्याशा दाखल्यावरील आडनावातला एक काना दुरुस्त करून घेण्यासाठी आपण येथे येत असतो, असे त्यांनी सांगितले. हा काना त्यांच्या वडिलांच्या हयातीत पडला होता आणि आता त्यांचा मुलगाही त्यात लक्ष घालू लागला होता.

“पाहायचंय असं कधी लिहायचं नसतं,” ते म्हणाले. “पाहणारा माणूस काय पाहील याचा भरवसा नसतो. मी नेहमी ‘चौकशी’ लिहितो. चौकशीला पहिल्या मजल्यावर सोडतात.”

“आणि सभागृह?”

“ते तळमजल्यावर. मी अजून पाहिलेलं नाही.”

मग त्यांनी माझ्यासाठी योग्य काम शोधायला घेतले आणि ते काम त्यांनी इतक्या गांभीर्याने केले की मला त्यांच्या कान्याची भीती वाटू लागली. “झुंबर लिहिलंत तर वारसा विभागाचं पत्र मागतील. छत लिहिलंत तर बांधकाम विभाग. रंग लिहिलात तर निविदा निघाली का विचारतील. तसबिरी नकोतच, त्यातल्या कुणाचे ना कुणाचे वारस असतात.” त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटलेले ठेवले आणि उघडले तेव्हा त्यांत विजय होता. “पंखे! पंख्यांवर कुणाचाच हक्क नाही. लिहा, पंख्यांची तपासणी.”

हा सगळा कट पहारेकऱ्याच्या हाताच्या अंतरावर आणि त्याला ऐकू येईल अशा आवाजात शिजला. मी आधीची ओळ खोडून नवी लिहिली. दोरीने बांधलेले पेन वहीच्या खालच्या ओळीपर्यंत पोहोचत नसल्यामुळे वही उचलून पेनाजवळ न्यावी लागली. पहारेकऱ्याने नवी नोंद वाचली आणि तो चक्क उभा राहिला.

“मग आधी सांगायचं ना, साहेब.”

“मी यांचा सहायक,” असे म्हणून ते गृहस्थ फाइलसकट माझ्यामागे आत आले.

आत जे दिसले त्याने माझी विनोदबुद्धी काही काळ बंद पडली. उंच कमानींच्या मधोमध प्लायवुडच्या भिंती उभारून खोल्या पाडल्या होत्या, गॅलरीत मोडक्या खुर्च्या रचल्या होत्या आणि ज्या छतासाठी मी आलो होतो त्याच्या खाली पांढऱ्या चौकोनी फरश्यांचे दुसरे, बुटके छत टांगले होते. त्यातली एक फरशी निखळली होती. त्या भोकातून जुन्या नक्षीचा हातभर तुकडा दिसत होता आणि त्यावर वातानुकूलन यंत्राची नळी ठोकली होती. स्टॉकहोमच्या नगरभवनातले ‘निळे दालन’ मुळीच निळे नाही, कारण विटांचा लाल रंग आवडल्यामुळे वास्तुकाराने त्या रंगवल्याच नाहीत; पण ते निळे नाही हे पाहायला तरी लोकांना आत नेतात. सिएनाच्या नगरभवनात आंब्रोजिओ लोरेन्झेट्टीने 1338–39 मध्ये सुशासन आणि कुशासन यांची भित्तिचित्रे काढली, तीही थेट ज्या खोलीत नऊ कारभारी बसत त्या खोलीच्या भिंतींवर. आपल्याकडे असे चित्र असते, तर त्याच्यासमोर कपाट ठेवले असते. हे सारे नागरिकांच्या पैशाने बांधले, नागरिकांच्या पैशाने झाकले आणि आता नागरिकाला पंख्याचे नाव सांगून आत यावे लागते, यात हसण्यासारखे फारसे नाही.

सहायक मात्र कामात गढले होते. त्यांनी पहारेकऱ्याला बटणे दाबायला लावली, एकेका पंख्याखाली उभे राहून कान दिला आणि तिसऱ्या पंख्याविषयी ओठ मुडपून मान हलवली. “हा कुरकुरतो,” असे ते म्हणाले, तेव्हा पहारेकऱ्याच्या चेहऱ्यावर कृतज्ञता पसरली. “मी किती दिवस सांगतोय,” तो म्हणाला, “पण माझं कोण ऐकतं!”

निघताना वही पुन्हा पुढे आली. ‘तपासणी’ लिहिले असल्यामुळे अहवाल आल्याशिवाय नोंद बंद होत नाही, अहवाल दोन प्रतींत लागतो आणि तोवर ओळखपत्र इथेच राहील, हे मला आदरपूर्वक कळवण्यात आले. आदर खरा होता, हे अधिक झोंबले. निदान त्या अहवालात झाकलेल्या छताविषयी चार खरमरीत ओळी लिहीन, असे मी बोलून दाखवताच सहायकांनी माझा दंड धरला.

“छत नको,” ते कळवळून म्हणाले. “फाइल बांधकाम विभागाकडे जाईल.”