भारतीय व्हॉलीबॉलला पदकच नाही? हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

नागपुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. भारताच्या पुरुष व्हॉलीबॉल संघाने आजवर एकही मोठं आंतरराष्ट्रीय पदक आणलेलं नाही, आपल्या लोकांना उंचीच नाही, तेव्हा पोरांना या खेळात घालू नका, असा त्याचा सूर. मानकापूरच्या क्रीडा संकुलाबाहेर उभे राहणारे पालकही आता हेच बोलू लागलेत. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी पदकांचं बघू. आशियाई क्रीडा स्पर्धेत 1958 साली टोकियोत कांस्य, 1962 साली जकार्तात रौप्य, 1986 साली सेऊलमध्ये पुन्हा कांस्य. सेऊलच्या संघात जिमी जॉर्ज होता. इटलीच्या लीगमध्ये नाव कमावलेला हा खेळाडू पुढच्याच वर्षी तिथे मोटार अपघातात गेला. 2003 साली थायलंडला आपल्या 19 वर्षांखालच्या पोरांनी जागतिक स्पर्धेची फायनल गाठली आणि ब्राझीलच्या मागोमाग रौप्य घेतलं. ‘एकही नाही’ हे धादांत खोटं आहे.

‘हे सगळं जुनं झालं’ म्हणणाऱ्यांनी 2023ची हांगचौची आशियाई क्रीडा स्पर्धा आठवावी. समोर दक्षिण कोरिया, म्हणजे आदल्या आशियाई स्पर्धेतला रौप्यविजेता. पहिला सेट आपण 25-27 असा गमावला. दुसरा 29-27, तिसरा 25-22 आपला. चौथा कोरियाने 20-25 असा खेचून नेला. पाचवा सेट पंधराचा असतो, पण दोन गुणांची आघाडी लागते. तो 17-15 असा आपण काढला. अडीच तासांहून जास्त चाललेल्या सामन्यात शेवटच्या गुणापर्यंत या पोरांचा दम टिकला. नंतर चायनीज तैपेईलाही सरळ सेटमध्ये हरवलं. पुढे जपान आणि पाकिस्तानकडून हरलो आणि सहावे आलो, तेही मान्य.

उंचीचं म्हणाल तर पुरुषांचं नेट 2.43 मीटरवर असतं, उंचीचा फायदा आहेच. पण जपानचा खेळाडू युजी निशिदा याची उंची सव्वासहा फूटही नाही. त्याच जपानने नेशन्स लीगमध्ये 2023 ला कांस्य आणि 2024 ला रौप्य घेतलं. पहिला पास नीट उचलला, लिफ्टर, म्हणजे स्मॅश मारणाऱ्याला चेंडू उचलून देणारा, चपळ असला की ब्लॉकला, म्हणजे नेटवर हात उंचावून अडवणाऱ्यांना, चकवता येतं. आपल्या विदर्भात शूटिंग व्हॉलीबॉलचे (पास न देता चेंडू थेट पलीकडे मारायचा प्रकार) सामने बघायला गाव लोटतं, पण आंतरराष्ट्रीय मैदानात लागतो तो लिफ्टर-स्मॅशरचा सहा जणांचा खेळ. तो शिकवणारे प्रशिक्षक तालुक्याला किती आहेत, हे विचारा ना.

ऑलिम्पिकला आपण एकदाही पात्र ठरलो नाही आणि 1986 नंतर आशियाई स्पर्धेत पदक नाही, ही टीका रास्तच. पण तिचा धनी खेळाडू नव्हे. संघटनेतल्या भांडणांपायी 2016च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय महासंघाने भारतीय संघटनेला निलंबित केलं होतं. राग काढायचाच असेल तर तिथे काढा.

राहिला पोरांचा वेळ. रेल्वे, पोलीस, सैन्यदलांत खेळाडूंच्या कोट्यातून व्हॉलीबॉलपटूंना नोकऱ्या मिळतात, आणि 2022 पासून प्राइम व्हॉलीबॉल लीगही सुरू आहे. संध्याकाळी कोर्टवर जाऊ पाहणाऱ्या पोराला या मेसेजच्या भरवशावर घरी बसवू नका.