प्रभाग बदलला म्हणून मतदार ओळखपत्र बदलत नाही

नागपुरात प्रभागाची हद्द बदलल्यास नवे मतदार ओळखपत्र काढावे लागते आणि घरपट्टीही वाढते, असा संदेश मोबाईलवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. महापालिका निवडणुकीसाठी विधानसभेचीच मतदार यादी प्रभागनिहाय विभागली जाते, त्यामुळे जुने ओळखपत्र कायम राहते. घरपट्टी घराचे क्षेत्रफळ, बांधकाम आणि वापर यांवर ठरते. तिचा प्रभाग क्रमांकाशी संबंध नाही. हद्दी शक्यतो नदी, नाले, रस्ते व रेल्वेमार्ग धरून आखल्या जात असल्याने एकाच रस्त्यावरची समोरासमोरची घरे निरनिराळ्या प्रभागांत जाऊ शकतात, आणि गोंधळ बहुधा तिथूनच सुरू होतो. मतदान केंद्र मात्र बदलू शकते, म्हणून यादीतील नाव आधीच तपासावे.