व्याजाचे वीस पैसे कुणालाच कसे दिसत नाहीत?

1 फेब्रुवारी 2025, शनिवार. सगळे घरात. अर्थसंकल्पाचं भाषण संपलं आणि टीव्हीवर जे सुरू झालं ते रात्रीपर्यंत एकच: बारा लाखांपर्यंत कर नाही! कुणाचे किती वाचणार, जुनी पद्धत बरी की नवी. घरात तेच, ऑफिसच्या ग्रुपवर तेच. मी ग्रुपवर एक ओळ टाकली, "केंद्र सरकार 2025-26 मध्ये नुसत्या व्याजापोटी 12.76 लाख कोटी रुपये भरणार आहे." उत्तर काय आलं? "अरे, आज तरी खुश राहू दे ना." डोकं फिरतं माझं. दर वर्षी हेच.

दुसऱ्या दिवशी पेपरात ते रुपयाचं गोल चित्र आलं. रुपया असा येतो, रुपया असा जातो. बाबांनी चष्मा लावला आणि एकेका फाकेवर बोट ठेवत वाचायला लागले. राज्यांचा करातला वाटा 22 पैसे. व्याज 20 पैसे. संरक्षण 8. पेन्शन 4. मग बोट शेजारच्या चित्रावर गेलं, येणाऱ्या रुपयात कर्जाचे 24 पैसे. बाबा थांबले. "म्हणजे चोवीस उसने आणायचे आणि त्यातले वीस व्याजालाच घालायचे?"

हो बाबा, हिशेब तोच होतो. वित्तीय तूट, म्हणजे खर्च भागवायला काढावं लागणारं कर्ज, 15.69 लाख कोटी, व्याज 12.76 लाख कोटी. नवं कर्ज जेवढं काढणार, त्याच्या पाचातल्या चार हिश्श्यांएवढी रक्कम जुन्या कर्जाच्या व्याजाची. अर्थशास्त्राची पदवी न घेतलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत कळतं, आणि रात्रभर चॅनलवर बसलेल्यांना त्यावर एक वाक्य बोलावंसं वाटत नाही?

दिवसाला किती होतात ते मी काढून बघितलं. जवळपास साडेतीन हजार कोटी. रोज! रविवार नाही, दिवाळी नाही. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाची त्या अख्ख्या वर्षाची तरतूद एक लाख कोटीच्या आतबाहेर होती. म्हणजे देशाच्या आरोग्यासाठी वर्षभर जे ठेवलं, तेवढं महिना भरायच्या आत व्याजात जातं. रस्ते, रेल्वे वगैरे सगळा भांडवली खर्च धरला तर 11.21 लाख कोटी. तोही व्याजापेक्षा कमीच. ज्या करसवलतीवरून एवढा जल्लोष झाला, तिची किंमत साधारण एक लाख कोटी सांगितली होती. व्याजाचा आकडा तर कोरोनानंतर बहुतेक वर्षी त्याहून जास्तच वाढलाय!

2014-15 मध्ये हे व्याज 4 लाख कोटींच्या आसपास होतं. 2019-20 मध्ये 6.12. मग कोरोना आला, तूट जीडीपीच्या 9 टक्क्यांवर गेली. त्या वर्षी कर्ज काढलं याबद्दल माझी तक्रार नाही, काढायलाच हवं होतं. पण 2023-24 मध्ये 10.64 लाख कोटी आणि 2025-26 ला पावणेतेरा? सरकार ज्यावर कर्ज घेतं ते सरकारी रोखे बहुतेक ठरलेल्या व्याजाचे असतात, दहा, तीस, चाळीस वर्षांचे. रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) उतरवला म्हणून जुन्या रोख्यांचं व्याज उतरत नाही. एकदा सही झाली की ते मुदत संपेपर्यंत मोजायचं, आणि मुदत संपली की बहुतेक वेळा नवे रोखे काढून जुने फेडायचे. तूट 3 टक्क्यांवर आणायचा कायदा 2003 साली झाला होता, मुदत होती 2008 ची. ती मुदत किती वेळा पुढे ढकलली! 2025-26 चा अंदाज होता 4.4 टक्के.

हे बोललं की कुणीतरी हमखास समजावतं, "सरकार म्हणजे घर नव्हे. कर्ज रुपयातलं आहे, आपल्याच बँकांचं, विम्याचं, पीएफचं. व्याज आपल्यालाच परत मिळतं." कर्ज बहुतेक देशातलंच आहे, मान्य. धरण बांधायला, रेल्वेमार्ग टाकायला काढलेल्या कर्जाबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. पण 2025-26 च्या अंदाजात महसुली तूट 5.24 लाख कोटी होती. म्हणजे तेवढं कर्ज महसुली खर्चासाठी, त्यातून केंद्राची स्वतःची मालमत्ता उभी राहत नाही. आणि "आपल्यालाच मिळतं" म्हणजे कुणाला? ज्याच्याकडे ठेव आहे, विमा आहे, पीएफ आहे त्याला. पेट्रोल भरताना, साबण घेताना कर तर तोही भरतो ज्याचा पीएफ कधी कापलाच गेला नाही. त्याच्या खिशातून माझ्या पीएफच्या व्याजाला पैसे जातात, हे मला बोचतं.

सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो सांगू? हा भारित खर्च आहे. राज्यघटनेच्या कलम 112 नुसार कर्जाचं व्याज थेट संचित निधीवर (म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीवर), आणि कलम 113 म्हणतं की त्यावर मतदान नाही. कारण मला समजतं, कर्ज देणाऱ्याला शब्द दिलाय, तो मोडता येत नाही. पण मत नसलं तरी चर्चा करायला घटनेने मोकळीक ठेवली आहे. मग करा ना चर्चा! एक दिवस, फक्त एक दिवस, केवळ व्याजावर बोला. संसदेत बोला, चॅनलवर बोला. बाबा अजून विचारतात, "त्या वीस पैशांचं काय म्हणाले रे कुणी?" अजून तरी कुणी काही म्हटलेलं मी ऐकलं नाही.